नॉमिनी म्हणजे मालक नव्हे



‘नॉमिनी लावा, वकील टाळा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. वकिलांच्या फीवरचा राग समजतो (आम्हीही ती मोजली आहे), पण हा सल्ला अंगलट येणारा आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्स व म्युच्युअल फंडांबाबत स्पष्ट केले, की नॉमिनी मालक होत नाही, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा. विम्यात जवळच्या नात्यांपुरता २०१५ पासून अपवाद आहे, एवढेच. गृहनिर्माण संस्थाही नॉमिनीला तात्पुरता सभासद करते, तोही वारस ठरेपर्यंत.

आमच्या आत्याच्या सदनिकेवर थोरल्या मुलाचे नॉमिनेशन होते. विकायला काढताच खरेदीदाराच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, “बाकीच्या भावंडांचे हक्कसोडपत्र कुठाय?” धाकटी कॅनडात. तिचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन येईस्तोवर गिऱ्हाईक निघून गेले. हे काम आत्या गेल्यावर लगेच हाती घेतले असते, तर निवांत झाले असते.

खर्चाचे म्हणाल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. पत्रलेखकाने ज्या विधवा भगिनीची कैफियत मांडली आहे, तिला कृपया एवढे कळवावे.

– एक वाचक, ठाणे