आधी समोरच्याचे छापा

संपादक महोदय,

परधर्मावर टीका करणाऱ्या ख्रिस्ती पुस्तिकांवर बंदी घाला, ही आपल्या एका वाचकाची मागणी मला पटत नाही. चाकण एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्यांतून अशा पुस्तिका फिरतात, मीही वाचल्या आहेत. माझी तक्रार त्यात टीका आहे ही नाही, ती आळशी आहे ही आहे.

१८३१ साली मोरभट दांडेकरांनी मिशनऱ्यांना उत्तर म्हणून ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्याचा प्रतिवाद इंग्रजीत काढला. हिंदू धर्माचे पितळ उघडे पाडण्याची भाषा पुस्तकाच्या नावातच होती, म्हणजे मवाळपणा औषधालाही नव्हता. पण स्वतःच्या उत्तराआधी विल्सननी भटजींच्या पुस्तिकेचा अनुवाद छापला! पुढे साताऱ्याच्या नारायणरावांनी ‘स्वदेशधर्माभिमानी’ लिहिले, तेव्हा विल्सनना १८३४ साली पुन्हा लेखणी उचलावी लागली. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी चारचौघांत वाद घालत. तिथे प्रतिपक्षी समोरच उभा असे.

आजच्या ख्रिस्ती धर्मसमर्थक संस्थांच्या साहित्यात तो बहुधा नसतोच. हिंदू, मुसलमान, यहोवाचे साक्षीदार, प्रत्येकासाठी तयार प्रश्नोत्तरे असतात आणि दोन्ही बाजूंचे संवाद एकच माणूस लिहितो. माझ्या हाती आलेल्या एका पुस्तिकेने वारकरी पंथ ‘दगडाची पूजा’ म्हणून दोन ओळींत निकालात काढला होता. देहू-आळंदी इथून किती लांब? गाथा उघडली असती तर पोकळ कर्मकांडावर आणि दांभिकांवर तुकोबांनी ओढलेले कोरडे लेखकाला दिसले असते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडले नाही. ख्रिस्ताची भक्तीही त्यांनी अभंगातच गायली.

आणि आमच्याकडचे व्हॉट्सॲपवीर? बायबलमधले अर्धे वाक्य उचलायचे, मागचेपुढचे गाळायचे आणि ‘पहा यांचा धर्म’ म्हणून शंभर जणांना पाठवायचे. बंदी आणायचीच तर दोघांवरही आणावी लागेल. मग उत्तर द्यायला दांडेकर तरी कुठून येणार?

तेव्हा एक सूचना. बंदीची पत्रे छापण्याऐवजी आपल्या रविवारच्या पानावर अशा एखाद्या पुस्तिकेतले प्रकरण जसेच्या तसे द्या आणि शेजारी आळंदीतल्या एखाद्या अभ्यासू कीर्तनकाराचे उत्तर. पुढच्या रविवारी पुस्तिकाकर्त्यांना तेवढीच जागा द्या. ते लिहायला तयार झाले नाहीत, तर तेही छापा.

– एक वाचक, चाकण