ट्रे पुरे, आता कासव!

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये शीट मेटलचा जॉब म्हणजे काय? ट्रे, सुपली, नाहीतर नरसाळं. पत्रा आखायचा, कापायचा, कडा दुमडायच्या, सही घ्यायची. वर्षानुवर्षं तोच जॉब, त्यामुळे हॉस्टेलच्या कॉटखाली सिनियरचा एखादा ट्रे सापडतोच आणि घासूनपुसून पुन्हा सबमिट होतो. सर ओरडतात, मार्क कापतात, पुढच्या वर्षी परत तेच! माझ्या मते दोष नुसता पोरांचा नाही, जॉबचाही आहे. ट्रेऐवजी तांब्याचं छोटं कासव करायला द्या.

हसू नका. ट्रे आणि नरसाळं सपाट पत्रा वळवून होतात. ड्रॉइंगमधलं ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ तिथे चालतं. कासवाची पाठ मात्र दोन्ही दिशांनी गोल. असा आकार पत्रा न ताणता होऊच शकत नाही, हे गाऊसने १८२७ मध्येच गणिताने दाखवलं. पेपरात लिहिलेलं हे वाक्य मोगरी हातात घेतल्यावरच पटतं.

२२ गेजचा, १२ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. त्यातून १० सेंटिमीटरची चकती कापा. कोपऱ्यांतून चार पाय, उरलेल्या पट्टीतून डोकं आणि शेपूट. चकती वाळूच्या पिशवीवर ठेवून गोल तोंडाच्या लाकडी मोगरीने कडेकडून मध्याकडे फेर धरत ठोकायची. कडेला चुण्या पडतात, त्या लगेच बसवायच्या, नाहीतर तिथे घडी पडून पत्रा चिरतो. थोड्या वेळाने आवाज बदलतो, पत्रा खणखणू लागतो आणि मोगरीला दाद देत नाही. हेच ते ‘स्ट्रेन हार्डनिंग’! मग चकती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायची. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मात्र नरमच राहतं. का? व्हायव्हाला यापेक्षा चांगला प्रश्न कुठला? (तांब्याऐवजी जी.आय. पत्रा मात्र तापवू नका. जस्ताच्या धुराने ताप येतो.)

यात नवीन काहीच नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मठारलेल्या हंड्यावरचे ठोके शोभेसाठी तर आहेतच, पण त्यांनी भांडं कडकही होतं. ही विद्या डिग्रीशिवाय टिकली, आणि डिग्रीवाले आपण ट्रे दुमडतोय!

खर्चाचं म्हणाल, तर एवढ्या तांब्याचं वजन सुमारे ७५ ग्रॅम. वेळ जास्त लागेल हे खरं, पण त्यासाठी एक जॉब कमी करा ना. मार्क कसे द्यायचे? सोपं आहे. कासव सरफेस प्लेटवर ठेवा, चारही पाय टेकले पाहिजेत. पाठीला चीर नको, कडेला धार नको. रिव्हेट हलता कामा नये.

आणि मुख्य म्हणजे कॉपीची सोय नाही. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकाचं कासव वेगळं. कुणाचं पोक काढलेलं, कुणाचं मान वाकडी करून बघणारं. सरांना कुणाचं कुठलं ते दुरून ओळखू येईल. शिवाय स्वतः ठोकून केलेलं कासव कोण ज्युनियरला देईल? ते घरीच जाणार, आईला दाखवायला. ट्रे कधी कुणी घरी नेलाय का, सांगा बरं!