अर्धा तरी घे ना!

रात्रीचे साडेअकरा. डेडलाइन डोक्यावर. रूममेटने किचनमधून हाक मारली, ‘कॉफी टाकतेय, तुला?’ मी अर्थातच हो म्हटलं. बाईसाहेबांनी मगभर कॉफी रिचवली आणि बाराच्या ठोक्याला चक्क घोरायला लागल्या. मी? एक वाजता स्टोरी मेल केली आणि पहाटे चारपर्यंत छताकडे बघत पडले. सकाळी तिचं ठरलेलं वाक्य, ‘तू ना, फार विचार करतेस!’

खरं सांगू? इतकी वर्षं मलाही तेच वाटायचं. टेन्शन, घरभाडं, लटकलेले पेमेंट्स... मध्यंतरी तर झोपेची गोळी मागायला डॉक्टरकडे जाणार होते. कॉफीवर संशय आलाच नाही. कारण तीच कॉफी पिऊन ही बया ढाराढूर झोपते ना!

पण मंडळी, गोम इथेच आहे. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या रिसेप्टरवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफिन दिसायला बरंचसं त्याच्यासारखं. ते आधीच जाऊन जागा अडवतं. लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तस्सं! झोप दारात उभी असते, पण तिला बसायला जागाच मिळत नाही.

हा रुमाल कधी उचलला जाणार, ते मुख्यतः लिव्हर ठरवतं. शरीरातलं सुमारे ९५ टक्के कॅफिन सीवायपी१ए२ हे एकच एन्झाइम मोडून काढतं. ते बनवणारं जीन आपल्या पंधराव्या क्रोमोसोमवर असतं. त्यातल्या एका जागी ‘ए’ किंवा ‘सी’ हे अक्षर असतं, एक आईकडून आणि एक बाबांकडून आलेलं. दोन्ही ‘ए’ असतील तर साधारणपणे काम फटाफट, ‘सी’ आलं की रमतगमत.

आता हिशेब बघा. घेतलेल्यापैकी निम्मं कॅफिन संपायला सरासरी ५ तास लागतात, पण कुणाला दीड-दोन, तर कुणाला तब्बल नऊ! म्हणजे संध्याकाळी पाचला १०० मिलिग्रॅम घेतलं तर सरासरी माणसात रात्री दहाला ५० उरतं. नऊ तासवाल्याच्या अंगात तेच ५० रात्री दोनला असतं. दोन वाजता इन्स्टंट कॉफीचा कप घेऊन झोपायला जाण्यासारखंच झालं हे!

शिवाय रिसेप्टरचंही वेगळं जीन आहे, एडीओआरए२ए. एकाच कपाने कुणाला तरतरी येते आणि कुणाला उगाचच घाबरल्यासारखं होतं, त्यात याचाही हात असतो. अर्थात, सगळं खापर जीन्सवर फोडू नका. रोजच्या सवयीने कॅफिनचा असर बोथट होतो. सिगरेटने ते लवकर संपतं (म्हणून ओढायला लागू नका, प्लीज!). गर्भनिरोधक गोळ्यांनी ते साधारण दुप्पट वेळ रेंगाळतं, गरोदरपणात त्याहूनही जास्त.

मग जीन टेस्ट करायची का? २००६मध्ये कोस्टा रिकातल्या एका अभ्यासात, हे काम सावकाश चालणाऱ्यांना जास्त कॉफीने हार्ट अटॅकचा धोका वाढलेला दिसला आणि एकच गाजावाजा झाला. पण २०१९मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास ब्रिटिश लोकांची माहिती तपासली, तेव्हा जीनमुळे असा फरक काही दिसला नाही. त्यामुळे पैसे वाचवा. दोन आठवडे दुपारी बारानंतर चहा-कॉफी-कोला बंद करा आणि झोप कशी लागते ते बघा. हीच तुमची टेस्ट, तीही फुकट!

एरवीचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलाय. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका. दीडशे मिलिलिटरच्या कपात चहाचं ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीचं ५० ते ६५ आणि फिल्टरचं ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. ऑफिसच्या मशीनवर दिवसभरात किती फेऱ्या होतात, मोजा जरा!

मी दोन आठवडे पाळलं. साडेअकराला झोप लागली, गोळीबिळी न घेता. आनंदाने आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, ‘अगं, मलाही चारनंतर चालत नाही. तुझ्या आजीचंही तेच होतं.’

आणि मला आठवलं, हळदीकुंकवाला आई चहाला नाही म्हणायची, तेव्हा सगळ्याजणी तिला ‘अर्धा तरी घ्या’ म्हणून आग्रह करायच्या. माघारी ‘भारीच नखरे हिचे’ असंही म्हणायच्या. मग बिचारी घ्यायची. रात्री उशिरा किचनमधला दिवा का चालू असायचा, ते आत्ता कळतंय.

तेव्हा उद्या ऑफिसात कुणी संध्याकाळचं कटिंग नको म्हणालं, तर अर्ध्याचाही आग्रह करू नका.