बारशाआधीच मृत्यू नको

षोडश संस्कारांमध्ये नामकरणाला मानाचे स्थान आहे. ज्याला नाव नाही त्याची समाजात नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्या रक्षणाला कोणी धावून येत नाही. सह्याद्रीच्या ओढ्या-झऱ्यांतील कितीतरी जीव आजही अशाच अनामिक अवस्थेत आहेत.

मेफ्लाय हा अशा जीवांच्या मेळ्यातील एक नाजूक कीटक. याची पिल्ले महिनोन् महिने वाहत्या पाण्यातील दगडांखाली वाढतात. पंख फुटल्यावर मात्र आयुष्य उरते ते काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. प्रौढाला अन्न घेण्याजोगे तोंडही नसते. पाणी नासले की याच्या बहुतेक जाती तेथून नाहीशा होतात. म्हणूनच पाण्याची शुद्धता जोखताना जगभर यांचा आधार घेतला जातो.

पारतंत्र्याच्या काळात येथील प्राण्यांचे नमुने लंडनच्या संग्रहालयांत गेले आणि नावेही साहेबांचीच लागली. केरळच्या नद्यांतील एका देखण्या माशाला १८६५ मध्ये फ्रान्सिस डे यांनी मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव दिले. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जे नाव आधी, ते कायम. शहरांची नावे बदलता येतात, तशी ही बदलता येत नाहीत. २०१३ मध्ये भारतीय संशोधकांनी या माशासाठी ‘सह्याद्रिया’ ही नवी प्रजाती स्थापन केली. तरीही जातीचे ‘डेनिसोनाय’ हे नाव तसेच राहिले.

याबद्दल केवळ खंत करून काही साधणार नाही. उत्तर एकच : आधी पोहोचणे. मदुराईचे प्रा. के. जी. शिवरामकृष्णन यांनी ते कृतीने दाखविले. १९८४ मध्ये त्यांनी मेफ्लायची एक नवी प्रजाती जगापुढे मांडली. ‘पीटर्सुला कोर्टलेन्सिस’ या तिच्यातील जातीच्या नावात तमिळनाडूतील कुट्रालम कायमचे कोरले गेले. २००३ मध्ये नोंदविलेल्या ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ या बेडकाच्या नावात तर संस्कृत ‘नासिका’ही आहे आणि सह्याद्रीही.

हे काम तपश्चर्येचे आहे. ओढ्यात तासन् तास उभे राहावे लागते, सूक्ष्मदर्शकाखाली अवयव न् अवयव तपासावा लागतो, पूर्वीच्या साऱ्या वर्णनांशी ताडून पाहावा लागतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचे नमुने देशातील अधिकृत संस्थेत ठेवणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. परंतु कायदा नमुने सांभाळील. ते ओळखणारी नजर तो कोठून आणणार? त्यासाठी विद्यापीठांनी वर्गीकरणशास्त्राला पदे आणि निधी दिला पाहिजे. झऱ्याचा दगडन् दगड ओळखणाऱ्या वनवासी मुलांना या विद्येत सन्मानाने सामावून घेतले पाहिजे. आणि बुद्धिमान मुलाने कीटकशास्त्र निवडले, तर मध्यमवर्गीय घराने नाक मुरडता कामा नये.

ओढा आटला, गढूळला, की त्यातील अनामिक जीव बारशाआधीच संपतो. मातृभूमीला वंदन करणाऱ्यांनी तिची सारी लेकरे नावानिशी ओळखावीत, हेही राष्ट्रकार्यच होय.