साठ दिवसांची मुदत भेटीलाही हवी

वैवाहिक तंट्यात स्त्रीधन, घर, पोटगी आणि प्रतिष्ठा यांविषयी उभय पक्ष जे काही मागतात, त्याचा निकाल दोन वर्षांनी लागो वा पाच वर्षांनी, त्यातील बहुतेकांची भरपाई पैशाने, व्याजाने किंवा थकबाकीच्या वसुलीने करता येते. परंतु चार वर्षांच्या मुलाला त्याच्या बापाचे किंवा आईचे दर्शन नवव्या वर्षापर्यंत घडले नाही, तर त्या पाच वर्षांची फेड करण्याचे सामर्थ्य कोणत्याही हुकूमनाम्यात नाही.

तत्त्वांची आपल्या कायद्यात वाण नाही. अज्ञान मुलाचे कल्याण हाच सर्वोपरी विचार, असे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने १९५६ मध्येच सांगितले. विभक्त राहून मुलीची वर्षानुवर्षे विचारपूस न करणाऱ्या बापाच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये जिजाबाई गजरे यांच्या प्रकरणात मान्य केले आणि १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या निकालात त्याला अधिक व्यापक रूप दिले. मुले ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हे, असे रोझी जेकब यांच्या प्रकरणात १९७३ मध्येच बजावले गेले होते. दोष आहे तो तारखांचा.

घर मोडते त्या दिवशी मूल ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच राहते, आणि दुसरा पक्ष भेटीचा अर्ज करतो. मग नोटीस बजावली जात नाही, बजावली तर वकीलपत्र दाखल होत नाही, वकीलपत्र आले तर म्हणणे देण्यास मुदत मागितली जाते, त्यानंतर प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जाते, आणि तेथून अहवाल परत येईतो न्यायाधीशांची बदली झालेली असते. उन्हाळ्याच्या सुटीत मूल दुसऱ्या पालकाकडे सहज राहू शकले असते, पण नेमके त्याच दिवसांत न्यायालयाचेही नित्याचे काम बंद असते! पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, हा कायद्याचा दंडक. तो लागू पडतो की नाही याचा खल चालू असतानाच मूल पाच वर्षे ओलांडून जाते. शेवटी युक्तिवाद होतो की मूल आता तेथे रुळले आहे, त्याला हलवू नये. हा युक्तिवाद पुष्कळदा खरा असतो, आणि अन्यायाचे मूळ त्यातच आहे; कारण ज्याने विलंब लावला त्यालाच विलंबाचे फळ मिळते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ ला २००१ मध्ये एक परंतुक जोडण्यात आले, त्यानुसार दावा चालू असताना मुलांच्या उदरनिर्वाहाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतोवर साठ दिवसांत निकालात काढावयाचा आहे. मुलाच्या फीची निकड कायदेमंडळाला जाणवली, त्याच्या भेटीची जाणवली नाही! परिणामी पोटगी थकली म्हणून भेट बंद आणि भेट बंद म्हणून पोटगी थकलेली, अशी दुहेरी अडवणूक चालते. वस्तुतः दोन्ही हक्क मुलाचेच, आणि एकाच्या बदल्यात दुसरा गहाण ठेवण्याचा अधिकार आईबापांपैकी कोणालाही नाही.

घाई केल्यास मारहाण करणाऱ्या पालकाच्या हाती मूल जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु लवकर निर्णय देणे म्हणजे डोळे मिटून अर्ज मंजूर करणे नव्हे. जेथे धोका दिसतो तेथे न्यायालयाच्याच आवारात, समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेट ठरवता येते. प्रसंगी अर्ज नामंजूरही करता येतो, आणि कारणांसह झालेली ती नामंजुरी अनिश्चित काळ लोंबकळणाऱ्या अर्जापेक्षा मुलाला अधिक सुरक्षित ठेवते.

विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. तीवर मतभेद संभवतात आणि ते सावकाश मिटवावेत. कलम २६ च्या परंतुकात मुलाच्या भेटीचा उल्लेख घालण्यास मात्र एवढ्या खलाची आवश्यकता नाही, आणि संसदेने तो घालावा. तोवर उभय पक्षांच्या वकिलांनी पहिल्याच तारखेस भेटीचे वार, वेळ आणि सुट्यांची वाटणी ठरवून संमतीची पुरसीस दाखल करावी. तिला आजच्या कायद्यात कोणतीही आडकाठी नाही.