सिस्टरांपासून काही लपवू नका

चंदगड, गगनबावड्याकडून पहाटेची एसटी धरून माणूस हृदयाच्या तपासणीला कोल्हापुरात येतो. स्टँडवर न्यायला आलेला पाहुणा म्हणतो, "निम्मा निम्मा चहा घेऊया की!" थॅलियम स्कॅन असेल तर त्या निम्म्या कपापायी तपासणी पुढं ढकलली जाऊ शकते. हृदयाचा रक्तपुरवठा जोखायला ॲडेनोसिनसारखं औषध देतात, ते चहा-कॉफीतल्या कॅफिनमुळं नीट लागू पडत नाही. म्हणून आधीचे २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. साध्या टूडी इकोला मात्र हे पथ्य नाही, खुशाल जेवून जा.

शेजाऱ्याला सांगितलेलं आपल्याला लागू होईलच असं नाही. नाडी कमी करणारी गोळी स्ट्रेस टेस्टआधी डॉक्टर कधी थांबवतात. सीटी अँजिओग्राफीआधी तीच मुद्दाम देतात. ठोके ६० च्या आसपास आले की चित्र स्पष्ट येतं. तेव्हा मनानं गोळी घेऊ नका, सोडूही नका.

सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, सिस्टर विचारतात: दमा? साखर? किडनी? इंजेक्शनची ॲलर्जी? आपलं ठरलेलं उत्तर, "काय न्हाई हो, सगळं बरं हाय." असं करू नका. पुरुषांनी आणखी एक सांगायचं. लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर सीटीवेळी जिभेखाली दिलेल्या औषधानं रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पैलवानांच्या गावात हे बोलायला जड जातं, ठाऊक आहे. पडद्याआड बोलवून सांगा, पण सांगा.

सिस्टर सुई लावतात, छातीवर पट्ट्या चिकटवतात, श्वास रोखायचा सराव घेतात. तो हसण्यावारी नेऊ नका. मशीनमध्ये काही सेकंद हललात तर रक्तवाहिनी पुसट दिसते. सीटीसाठी सुईतून दिलेली डाय शिरताना अंगातून गरम लाट जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. दचकू नका.

नंतर अर्धा तास तिथंच बसा. सुईची जागा फुगली, खाज सुटली, दम लागला तर लगेच हाक मारा. गाडी चुकली तर चुकू दे. पाणी भरपूर प्या. मोजून प्यायला सांगितलेल्यांनी आधी विचारावं. थॅलियम झालेल्यांनी त्या दिवशी नातवंडाला मांडीवर घेऊ नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तारीख घेतानाच सांगावं.

आणि घरातून निघताना चालू गोळ्यांची पाकिटं न विसरता पिशवीत टाका. "पांढरी, बारकी गोळी" एवढ्यावरून सिस्टरांना काही कळत नाही.