खेळातला घरखर्च

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून भाचा आला, की आमच्या बेलापूरच्या घराची ओसरी भरून जाते. यंदा त्याने ना पत्त्यांचा जोड काढला, ना कॅरम मागितला. एक जाड पुस्तक, मूठभर चित्रविचित्र फासे आणि कोरे कागद, एवढाच सरंजाम. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. एकाने सूत्रधार व्हायचे. बाकीच्यांनी योद्धा, जादूगार, चोर अशी सोंगे घेऊन राक्षस मारत आणि खजिने शोधत हिंडायचे. आपण लहानपणी भातुकलीत आई-बाबा होत असू, त्याचाच हा थोराड भाऊ म्हणा ना!

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकत होतो. एकाएकी भांडण जुंपले. तेही राक्षसावरून नव्हे, राहण्या-जेवणाच्या खर्चावरून. माझ्या दहा वर्षांच्या मुलीचे म्हणणे, ‘माझ्या जादूगाराचे रोजचे पैसे का कापतोस?’ भाच्याने पुस्तकाचे पान पुढे केले. २०१४ सालच्या नियमांत राहणीमानाचा चक्क तक्ता आहे. अगदी गलिच्छ राहायचे तर दिवसाला १ चांदीचे नाणे. गरिबीत राहायचे तर २. बेताचे, पण नीटनेटके राहायला १ सोन्याचे नाणे, म्हणजे चांदीची १०. सुखवस्तू माणसाला सोन्याची २, श्रीमंताला ४ आणि सरदारी थाटाला निदान १०. त्याच पुस्तकात साध्या मजुराचा रोजही दिलेला आहे : २ चांदीची नाणी.

मुलीने बोटे मोजली. ‘म्हणजे मजुराकडे उरतं किती?’

‘काहीच नाही.’

‘आणि एक दिवस काम नाही मिळालं तर? त्याला बायको-मुलं असली तर?’

भाचा वैतागून म्हणाला, ‘अगं, तो आपल्या गोष्टीत नाहीच!’

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. तो मजूर आमच्या गोष्टीत नाही कसा? दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडची, पाथर्डीकडची बिऱ्हाडे आमच्या भागात उतरतात. नवरा-बायको दोघे मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायची. आजारपणाने एक दिवस खाडा झाला, की तोही हिशेबात. ज्या खेळातला मजूर आमच्या मुलांना गोष्टीबाहेरचा वाटला, तो रोज आमच्या दारावरून जातो.

असे तक्ते थोरामोठ्यांनीही केले आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, ही त्यांनी धरलेली किमान पातळी. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी आलेला आकडा होता खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० रुपये. रेघ कुठे ओढावी यावर विद्वान भांडले, आणि भांडायलाच हवे होते. पण रेघेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचा एक दिवस बुडाला तर काय, हा माझ्या मुलीचा प्रश्न कुठल्याही एका आकड्यात मावत नाही.

काही पालक म्हणतील, हे परदेशी खूळ मुलांच्या डोक्यात कशाला? मला तसे वाटत नाही. आमची प्रवरा पुढे ज्या नेवाशाला जाते, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच ज्ञानेश्वरांना परंपरेने सापशिडीच्या मूळ मोक्षपटाचे श्रेय दिले आहे. खेळता खेळता मुलांना शहाणे करणे आपल्याला परके नाही. उलट आपल्याच ‘व्यापार’च्या पटावर मुंबई विकत घेता येते, पण गॅसचे सिलिंडर आणावे लागत नाही. भातुकलीतला भात चुरमुऱ्यांचा असतो आणि दुकानदाराची उधारी कधीच थकत नाही. या खेळाने निदान रोजच्या भाकरीचा भाव तरी सांगितला.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लहान वयात पैशांची चिंता मुलांच्या डोक्यावर का घालावी? चिंता घालूच नये. पण हिशेब दाखवणे म्हणजे चिंता घालणे नव्हे. आपण काय करतो? मुलांसमोर पैशांचा विषय निघाला की आवाज खाली आणतो. परवडत नसलेली वस्तू ‘चांगली नाही’ म्हणून टाळतो. मग मुलांना वाटते, पैसा भिंतीतल्या यंत्रातून आणि मोबाइलमधून येतो, आणि नकार केवळ आई-बाबांच्या लहरीतून. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे त्यांना सांगायचे, आणि अंथरूण मात्र दाखवायचे नाही, हा कुठला न्याय?

खेळ संपत आला तेव्हा मुलीने तक्त्यावर बोट ठेवून विचारले, ‘बाबा, आपण यातल्या कुठल्या ओळीत?’

पुन्हा वर्तमानपत्र वर करावे, असे क्षणभर वाटले. मग उठलो आणि कपाटातली खर्चाची वही काढली. दूध, किराणा, वीज, आजीची औषधे, शाळेची फी, कर्जाचा हप्ता. ती एकेक ओळ वाचत गेली. औषधांपाशी थांबली, हप्त्यापाशी थांबली. ‘बेताचे, पण नीटनेटके’ या ओळीत आम्ही बसतो, असा तिने निकाल दिला. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या पगाराच्या ओळीपाशी मात्र ती बराच वेळ थांबली.

‘आणि मावशी?’

ती बेरीज आम्ही दोघांनी मिळून केली. पुढच्या महिन्यापासून वहीतला तो आकडा बदलला आहे.